विश्लेषण : कापलेला कर परत मिळतो, पण मागितला तरच!

यवतमाळ जिल्ह्यात ज्यांची कमाई २०२४-२५ या वर्षात कधी आली, कधी आटली, त्यांच्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही तारीख महत्त्वाची आहे. कोणाच्या बिलातून, कोणाच्या पगारातून, कोणाच्या ठेवीच्या व्याजातून कर आधीच कापला गेला. वर्षअखेरीस हिशेब मांडला तर यातल्या अनेकांवर कर लागतच नाही. तरीही पैसे सरकारजमा आहेत. ते परत मागण्याचा सरळ मार्ग म्हणजे आयकर विवरणपत्र, म्हणजेच रिटर्न. मूळ मुदत वाढत वाढत १६ सप्टेंबरला संपली. आता उरले ते विलंबित रिटर्न आणि त्याचीही शेवटची तारीख ३१ डिसेंबर. ही तारीख चुकली, तर स्वतःच्याच पैशांसाठी अर्ज-विनंत्या करण्याची वेळ येते.

प्रश्न नेमका कोणाचा?

आयकर म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो दरमहा पगार घेणारा नोकरदार. यवतमाळात असे बारा सारखे पगार मिळणारी घरे थोडी. कापूस आणि सोयाबीनवर चालणाऱ्या या जिल्ह्यात शेतकऱ्याचा मुलगा पुण्या-नागपुरातल्या कंपनीत कंत्राटावर सात-आठ महिने काम करतो आणि कंत्राट संपले की गावी परततो. वणीच्या कोळसा पट्ट्यात एक-दोन ट्रक घेऊन धंदा करणाऱ्याची चाके पावसाळ्यात थांबतात. यवतमाळ, पुसद, दारव्ह्यात नकाशे काढून देणाऱ्या, साइट पाहणाऱ्या अभियंत्याला एखाद्या तिमाहीत चार बिले मिळतात आणि पुढच्या तिमाहीत एकही नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकाचे मानधन महिनोन्‌महिने अडते आणि मग एकदम जमा होते.

उगमस्थानी करकपात, म्हणजे टीडीएस, या चढउतारांना ओळखत नाही. बिल देणारा किंवा पगार देणारा ठरलेल्या दराने कापतो आणि सरकारकडे भरतो. पुढचे सहा महिने हाताला काम असेल की नाही, हे त्याला ठाऊक नसते आणि ते विचारण्याचे बंधनही त्याच्यावर नाही. अनियमित कमाईच्या माणसाचा कर म्हणूनच जास्त कापला जातो. यात कोणाची लबाडी नाही; व्यवस्थेची रचनाच तशी आहे.

जास्त कर कापला जातो कसा?

तीन उदाहरणे घेऊ. आकडे समजण्यासाठी मानलेले आहेत, नियम मात्र २०२४-२५ या आर्थिक वर्षाचेच.

पहिले उदाहरण पगाराचे. एका तरुणाला कंपनीत महिना एक लाख रुपये पगार होता. एप्रिल ते ऑक्टोबर असे सात महिने काम झाले आणि प्रकल्प संपला. कंपनीने एप्रिलमध्येच वर्षाचे १२ लाख गृहीत धरले. ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ११ लाख २५ हजारांवर नव्या करप्रणालीनुसार उपकरासह ७१,५०० रुपये कर निघाला आणि त्याचे बारा भाग करून दरमहा ५,९५८ रुपये कापले गेले. सात महिन्यांत जवळपास ४१,७०० रुपये. प्रत्यक्षात वर्षाची कमाई सात लाखच. वजावटीनंतर करपात्र उत्पन्न उरले सव्वासहा लाख. त्या वर्षी नव्या प्रणालीत सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७अ ची सवलत होती, म्हणजे कर शून्य. काही कंपन्या शेवटच्या पगारात हा हिशेब दुरुस्त करतात. ज्या करत नाहीत, त्यांच्या कर्मचाऱ्याला सगळे ४१,७०० रुपये परत मागावे लागतात.

दुसरे उदाहरण व्यावसायिकाचे. स्थापत्य अभियंत्याने वर्षभरात ६ लाख ४० हजारांची बिले दिली. व्यावसायिक फीवर १० टक्के कपात, म्हणजे ६४ हजार गेले. ही कपात नफ्यावर नाही, पूर्ण बिलावर होते. पेट्रोल, मदतनीस, कार्यालयाचे भाडे याचा विचार तिथे नाही. कलम ४४एडीए नुसार अशा व्यावसायिकाला हिशेबाची वही न ठेवता निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवता येते. प्रत्यक्ष नफा त्याहून जास्त असेल तर अर्थातच जास्त दाखवायचा. इथे उत्पन्न आले ३ लाख २० हजार आणि सवलतीनंतर कर शून्य. परतावा ६४ हजारांचा. छोट्या व्यावसायिकाच्या घरात हा सहा महिन्यांचा किराणा असतो.

तिसरे उदाहरण वाहतूकदाराचे. वणी परिसरात एका ट्रकच्या मालकाला वर्षभरात २२ लाखांचे भाडे मिळाले. कंत्राटी कामावरील एक टक्का कपातीने २२ हजार गेले. कलम ४४एई नुसार १२ टनांहून अधिक सकल वजनाच्या मालवाहू ट्रकसाठी दर टनामागे महिन्याला १,००० रुपये उत्पन्न धरले जाते. २८ टनी ट्रकचे वर्षाचे उत्पन्न ३ लाख ३६ हजार. यावरही कर शून्य. इथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ट्रक उभा राहिलेला महिनाही या हिशेबात मालकीचा महिना म्हणूनच मोजला जातो. दुसरे म्हणजे वर्षभरात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नसलेल्या मालकाने पॅनसह तसे लेखी घोषणापत्र दिले, तर त्याच्या भाड्यातून कर कापायचाच नसतो. कायद्याने दिलेली ही मुभा एका कागदावर आहे. तो कागद न दिल्यामुळे २२ हजार अडकतात.

याशिवाय पॅन दिलेला नसेल किंवा आधारशी न जोडल्याने निष्क्रिय झाला असेल, तर बहुतेक कपाती सरसकट २० टक्क्यांनी होतात. ज्याच्याकडे कागदपत्रे कमी, त्याचेच पैसे जास्त अडकतात, असा हा उलटा न्याय आहे.

सरकारला हे ठाऊक नसते का?

ठाऊक असते. कापलेल्या प्रत्येक रुपयाची नोंद पॅनवर होते. फॉर्म २६एएस मध्ये ती दिसते. नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, सुरू झाले. त्यात पगार, व्याज, कंत्राटाची रक्कम, म्युच्युअल फंड, जमिनीचे व्यवहार असे बरेच काही एकत्र दिसते. ते पाहण्यासाठी मोबाइल अॅपही आहे. एखाद्याने उत्पन्न दडवले तर हेच विवरण पुढे करून विभाग त्याला संदेश पाठवतो. पण त्याच विवरणात ‘या माणसाचे ६४ हजार आपल्याकडे जास्त आलेले दिसतात’ असे निघत असताना परतावा आपणहून सुरू होत नाही. घेताना यंत्रणा जागी असते. देताना मात्र नागरिकाने येऊन दार ठोठवायचे.

विभागाच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो खरा आहे. एआयएस मध्ये सगळेच उत्पन्न येत नाही. रोखीचा धंदा, न नोंदलेले भाडे तिथे दिसत नाही. रिटर्नमध्ये माणूस स्वतःच्या सहीने एकूण उत्पन्न सांगतो, म्हणून परतावा रिटर्नशिवाय देता येत नाही, असे म्हणता येते. पण हा युक्तिवाद रिटर्न मागण्यापुरता ठीक आहे. ज्याचे पैसे पडून आहेत त्याला एक साधा संदेशही न पाठवण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

३१ डिसेंबर चुकली तर काय बिघडते?

दोन गोष्टी बिघडतात. पहिली, ३१ डिसेंबरनंतर २०२४-२५ चे नेहमीचे रिटर्न भरता येत नाही. दुसरी अधिक फसवी आहे. त्यानंतरही पोर्टलवर ‘अपडेटेड रिटर्न’ची खिडकी उघडी दिसते आणि ‘चार वर्षे मुदत आहे’ असे ऐकून अनेक जण निश्चिंत होतात. हे रिटर्न सरकारला जास्तीचा कर देण्यासाठी आहे. त्यातून परतावा मागता येत नाही आणि आधीचा परतावा वाढवताही येत नाही.

आता भरायचे तर विलंब शुल्क किती? एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये, त्याहून जास्त असेल तर ५,००० रुपये. उत्पन्न मूळ करमुक्त मर्यादेच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे शुल्क लागत नाही. म्हणजे वरच्या उदाहरणातील सात महिन्यांच्या नोकरदाराला ४१,७०० मधून ५,००० सोडावे लागतील, तर अभियंत्याला ६४ हजारांतून एक हजार. एक फरक आणखी आहे. मुदतीनंतर जुनी करप्रणाली निवडता येत नाही. विलंबित रिटर्न नव्या प्रणालीतच भरावे लागते. सात लाखांच्या आतल्यांना त्याची झळ बसत नाही.

‘उत्पन्न करपात्र नाही, मग रिटर्न कशाला’ हा समजही तपासून पाहावा. वर्षभरातला टीडीएस २५ हजार किंवा त्याहून अधिक असेल (ज्येष्ठ नागरिकांसाठी ५० हजार), तर उत्पन्न मर्यादेच्या आत असले तरी रिटर्न भरणे सक्तीचे आहे.

मोबाइलवरून रिटर्न भरताना काय पाहायचे?

सुरुवात फॉर्म २६एएस आणि एआयएस पासून करावी. आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅनने प्रवेश करून दोन्ही उतरवून घ्यावेत. कोणी, कोणत्या कलमाखाली, किती कापले हे तिथे दिसते. हे कलमच पुढचा फॉर्म ठरवते. कलम १९२ म्हणजे पगार. पगार आणि व्याज एवढेच असेल तर आयटीआर-१, म्हणजे ‘सहज’. कलम १९४सी म्हणजे कंत्राट, १९४जे म्हणजे व्यावसायिक फी. ४४एडी, ४४एडीए किंवा ४४एई नुसार अंदाजित उत्पन्न दाखवायचे असेल तर आयटीआर-४, म्हणजे ‘सुगम’.

तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांनी इथे विशेष काळजी घ्यावी. मानधन ‘१९४जे’ खाली दिसत असेल तर ते पगार म्हणून आयटीआर-१ मध्ये टाकू नये. शिकवणे हा ४४एडीए च्या यादीतला व्यवसाय नाही, त्यामुळे तिथला निम्म्याचा नियमही लागत नाही. प्रत्यक्ष खर्च वजा करून आयटीआर-३ भरावा लागतो. पगाराची थकबाकी मागच्या वर्षांची असून एकदम मिळाली असेल, तर कलम ८९ ची सूट आहे. त्यासाठी रिटर्नच्या आधी फॉर्म १०ई ऑनलाइन भरावा लागतो. तो न भरता सूट घेतली की ती नाकारली जाते.

त्यानंतर बँक खाते. परतावा फक्त पोर्टलवर पडताळलेल्या खात्यातच येतो. पॅनवरचे नाव आणि बँकेतले नाव वेगळे असेल, बँकेच्या विलीनीकरणानंतर आयएफएससी बदलला असेल, खाते वापराविना बंद पडले असेल, तर परतावा मंजूर होऊनही खात्यात पोहोचत नाही. अशा वेळी खाते दुरुस्त करून ‘रिफंड रीइश्यू’ची विनंती टाकावी लागते.

शेवटची पायरी ई-पडताळणीची. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकला की काम संपते. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत हे झाले नाही, तर भरलेले रिटर्न वेळेवर भरलेले मानले जात नाही. सिम बदलले आणि आधारवर जुनाच क्रमांक राहिला, म्हणून अनेकांची गाडी इथेच अडते. ज्यांना ओटीपी शक्य नाही, त्यांनी नेट बँकिंगने पडताळणी करावी किंवा सही केलेली पावती टपालाने बेंगळूरुच्या केंद्राला त्याच ३० दिवसांत पोहोचेल अशी पाठवावी.

कंत्राटदाराने कापले, पण भरलेच नाही, तर?

बिलातून रक्कम वजा झाली, पण २६एएस मध्ये नोंदच नाही, ही छोट्या शहरांतली नेहमीची तक्रार. याची कारणे तीन असतात : कापणाऱ्याने पैसे भरले नाहीत, भरले पण तिमाही विवरण दिले नाही, किंवा विवरणात पॅन चुकवला. शेवटच्या दोन प्रकारांत त्याने विवरण भरले किंवा दुरुस्त केले की नोंद येते. म्हणून पहिले काम म्हणजे त्याला लेखी कळवून फॉर्म १६ए मागणे. बिल, बँकेतील जमा आणि कपातीचा तपशील जपून ठेवावा.

कायद्याचे कलम २०५ सांगते की कर कापला गेला असेल, तर तेवढ्या रकमेची वसुली पुन्हा त्याच माणसाकडून करता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये हेच सांगितले : मालकाने पगारातून कापून सरकारकडे भरले नाही, तर वसुली मालकाकडून व्हावी, कर्मचाऱ्याकडून नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानेही २०१५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना तशी सूचना दिली. हे संरक्षण मागणीपासून आहे. नोंद नसताना परतावा मात्र आपोआप येत नाही; त्यासाठी पुराव्यानिशी भांडावे लागते.

इथेच व्यवस्थेतला मोठा अन्याय दिसतो. कापणाऱ्याने विवरण उशिरा दिले तर त्याला दिवसाला २०० रुपये शुल्क बसते. कापून भरले नाही तर महिना दीड टक्का व्याज लागते. हे शुल्क आणि हे व्याज दोन्ही सरकारच्या तिजोरीत जातात. ज्याचे पैसे अडकले त्या वाहतूकदाराला, अभियंत्याला, शिक्षकाला त्यातला एक रुपया मिळत नाही.

परतावा उशिरा आला तर व्याज मिळते का?

मिळते, महिना अर्धा टक्का. मुदतीत रिटर्न भरणाऱ्याला ते १ एप्रिलपासून, विलंबाने भरणाऱ्याला रिटर्न भरल्याच्या तारखेपासून. निश्चित झालेल्या कराच्या १० टक्क्यांपेक्षा परतावा कमी असेल तर तेही नाही. हे व्याज पुढच्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावे लागते. आता उलट बाजू पाहा. नागरिकाने कर उशिरा भरला किंवा अग्रिम कर कमी भरला तर त्याला महिना एक टक्का लागतो. एकाच कायद्यात, एकाच पैशासाठी दोन दर. नागरिकाचा उशीर सरकारच्या उशिराच्या दुप्पट महाग का, याला पटणारे उत्तर नाही.

३१ डिसेंबरपूर्वी भरलेल्या रिटर्नवर प्राथमिक प्रक्रिया करून सूचनापत्र देण्यासाठी विभागाला कायद्याने ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वेळ आहे. अनेक परतावे काही आठवड्यांत येतात. पण जुनी मागणी थकीत दिसत असेल, तर परतावा त्यात वळता करण्याची सूचना येते आणि उत्तरासाठी २१ दिवस मिळतात. दहा-बारा वर्षांपूर्वीची, कधी न कळलेली मागणी अशा वेळी पहिल्यांदा समोर येते. ती चूक असेल तर त्याच मुदतीत ‘मान्य नाही’ असे कारणासह नोंदवावे. गप्प राहिले की मान्य समजले जाते.

शेती आणि भूसंपादनाच्या पैशांचे काय?

शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. रिटर्नमध्ये ते दाखवायचे असते. इतर उत्पन्न मूळ मर्यादेपेक्षा जास्त आणि शेतीचे उत्पन्न पाच हजारांहून जास्त असेल, तर कराचा दर ठरवण्यापुरते ते मोजले जाते. स्वतःच्या शेतातला कापूस विकणे ही शेती. दुसऱ्याचा कापूस घेऊन विकणे हा व्यापार. परतावा मोठा दिसावा म्हणून व्यापाराला शेती दाखवणे अंगाशी येते.

रेल्वेमार्ग, महामार्ग, धरणे यांसाठी जिल्ह्यात जमिनी गेल्या. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे कलम ९६ त्या कायद्याखालील निवाड्याच्या मोबदल्याला आयकरातून सूट देते. खासगी खरेदीच्या काही व्यवहारांना ही सूट नाही. प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१६ च्या ३६ क्रमांकाच्या परिपत्रकाने ही सूट बिगरशेती जमिनीलाही लागू असल्याचे स्पष्ट केले. अशा मोबदल्यातून कपात झाली असेल, तर तो करमुक्त दाखवून परतावा मागता येतो. उशिराच्या मोबदल्यावर मिळालेले व्याज वेगळे धरले जाते. ते मिळाले त्या वर्षी करपात्र मानले जाते आणि त्यातून निम्मी रक्कम वजा मिळते. आयुष्यात एकदाच हाती येणाऱ्या या पैशांत जाणकाराचा सल्ला घेण्यासाठी केलेला खर्च वाया जात नाही.

‘जास्त रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्याचे काय?

त्याच्यापासून दूर राहावे. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली. खोटी देणगी, खोटे घरभाडे, खोटा वैद्यकीय खर्च दाखवून परतावे काढणारे मध्यस्थ त्यात सापडले. असे मध्यस्थ मिळालेल्या परताव्यात टक्केवारी घेतात. नोटीस मात्र मध्यस्थाला येत नाही, पॅनधारकाला येते. चुकीची माहिती देऊन कर बुडवला तर त्या कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. ज्याचा खरा परतावा आहे त्याला खोट्या वजावटीची गरजच नसते. रिटर्न भरून देण्याची ठरलेली फी द्यावी, टक्का देऊ नये. ई-फायलिंगचा पासवर्ड आपल्याकडेच ठेवावा आणि पोर्टलवर मध्यस्थाचा नव्हे, स्वतःचा मोबाइल क्रमांक आहे ना हे पाहावे. ‘रिफंड मंजूर, लिंकवर खाते क्रमांक भरा’ असा संदेश आला तर लिंक उघडू नये. विभाग अशा लिंकवर खाते किंवा पिन मागत नाही.

जुन्या वर्षांचे राहून गेले असेल तर?

वाट पूर्ण बंद नाही. कलम ११९(२)(ब) नुसार विलंब माफीचा अर्ज करता येतो. १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकाने यासाठी करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मर्यादा ठेवली आहे. एक कोटीपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात आणि तो शक्यतो सहा महिन्यांत व्हावा, असे परिपत्रक सांगते. उशिराचे खरे कारण आणि त्याचा पुरावा द्यावा लागतो : आजारपण, घरातला मृत्यू, कापणाऱ्याने उशिरा दिलेला फॉर्म. ‘माहीत नव्हते’ एवढ्याने भागत नाही. म्हणूनच ३१ डिसेंबरपूर्वीचा एक तास नंतरच्या सहा महिन्यांपेक्षा स्वस्त आहे.

पुढच्या वर्षी कपातच टाळता येईल का?

काही अंशी. ठेवीच्या व्याजासाठी कर शून्य असेल तर बँकेत फॉर्म १५जी, साठी ओलांडलेल्यांनी १५एच, वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावा. हे फॉर्म कंत्राट आणि व्यावसायिक फीसाठी चालत नाहीत. तिथे कलम १९७ नुसार कमी किंवा शून्य कपातीचे प्रमाणपत्र ऑनलाइन मागावे लागते. ट्रकमालकांनी प्रत्येक कंपनीला घोषणापत्र द्यावे. नोकरी मध्येच सुटली तर शेवटच्या पगाराआधी ‘पुढे उत्पन्न नाही’ असे कंपनीला लेखी कळवून कपात दुरुस्त करून घ्यावी.

नव्या कायद्यात काय होणार होते?

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या पहिल्या विधेयकात एक तरतूद अशी होती की परतावा हवा तर रिटर्न मूळ मुदतीतच भरलेले हवे. ती टिकली असती, तर नव्या कायद्याखाली विलंबित रिटर्नमधून परतावा मागण्याची गोष्टच उरली नसती. संसदेच्या प्रवर समितीने जुलैमध्ये ती काढण्याची शिफारस केली आणि ऑगस्टमध्ये आलेल्या सुधारित विधेयकातून ती गेली. उशिरा आलेल्या माणसाचे पैसे जप्त करू नयेत, हे तत्त्व संसदेने मान्य केले, ही चांगली गोष्ट झाली. पण ते तिथेच थांबले.

दरम्यान २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतचे नेहमीचे उत्पन्न सवलतीने करमुक्त झाले. व्यावसायिक फीवरील कपात सुरू होण्याची मर्यादा ३० हजारांवरून फक्त ५० हजार झाली. दर १० टक्केच राहिला. करमुक्तीची रेषा उंच गेली आणि कपातीची रेषा त्या मानाने थोडीच हलली. याचा अर्थ कर शून्य असूनही ज्यांचे पैसे कापले जातील, अशांची संख्या वाढणार आहे. कागदावर दिलेली सवलत प्रत्यक्ष खिशात पडेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाईल.

मग व्हायला काय हवे?

मागण्या मोठ्या नाहीत. पॅनवर टीडीएस जमा आहे आणि रिटर्न नाही, अशा प्रत्येकाला नोव्हेंबरात मराठीतून एक संदेश जावा : ‘तुमचे इतके रुपये जमा आहेत, शेवटची तारीख ही.’ छोट्या परताव्यासाठी आधीच भरलेला एक पानी फॉर्म असावा. दुसरे उत्पन्न नाही एवढे जाहीर करून ओटीपी टाकला की काम व्हावे. कापणाऱ्याच्या उशिराचे शुल्क ज्याचे पैसे अडले त्याला मिळावे. व्याजाचा दर दोन्ही बाजूंना सारखा असावा. डिसेंबरमध्ये पांढरकवडा, वणी, पुसद, उमरखेड अशा ठिकाणी विभागाने शिबिरे घ्यावीत. कर गोळा करण्यासाठी सरकार तालुक्यातल्या प्रत्येक बिलापर्यंत पोहोचू शकते, तर तो परत करण्यासाठीही तेवढेच अंतर आहे.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्याच्या बिलातून, पगारातून, व्याजातून गेल्या वर्षी काही कापले गेले, त्याने आज मोबाइलवर आपला २६एएस उघडून एक आकडा पाहावा. तो शून्य नसेल, तर हिशेब करावा. परतावा ही सरकारची मदत नाही आणि सवलतही नाही. ते कष्टाचे, आधीच दिलेले आणि परत यायचे राहिलेले पैसे आहेत.